निकेल रुसलं

समीक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं काय करते, हे तिच्या आजोळी, कोकणातल्या आरोंद्यात, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे प्रत्येकजण ते अगदी खात्रीने सांगायचा. तिचा मामा, गुरुदास केरकर, म्हणायचा की भाची काजूच्या तेलात गॅस भरते. ऐकणारा पुढच्याला सांगताना तेल वगळायचा आणि गॅस तेवढा ठेवायचा. गेल्या गणपतीत ती आजोळी आली तेव्हा वाडीतल्या दोघी तिला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि सिलिंडर लवकर मिळायची काही सोय होईल का, असं हळूच विचारून आल्या.

मामाला यात काही गैर वाटत नव्हतं. त्याला भाचीचा अभिमान होता, आणि अभिमान दाखवायची त्याची एकच रीत होती. तो चेष्टा करायचा.

"मगे, धातूक तेल पाजून झाला काय गो?" ती उंबऱ्यात पाऊल ठेवायच्या आत तो विचारायचा.

"मामा, मी धातूक तेल पाजणा नाय."

"मगे तेलाक धातू पाजतंस?"

"ता जरा बरोबर आसा."

"बघ मथुरा," तो मामीकडे वळून म्हणायचा, "इतकी वर्सा शिकला चेडू, आणि मी नुसतो अंदाजान सांगितलंय."

गुरुदासमामाचा खाडीच्या वरच्या अंगाला काजूचा छोटा कारखाना होता. बी उकडायची, फोडायची, गर काढायचा. उरलेली टरफलं पूर्वी तो भट्टीला घालायचा. अलीकडे त्याने घाणी बसवून त्यांचं तेल काढायला सुरुवात केली होती. हे तेल काळंकुट्ट आणि तिखट. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. बी फोडणाऱ्या बायका म्हणूनच बोटांना खोबरेल चोपडून बसतात.

समीक्षाचं काम याच तेलावर होतं. तेल तापवून, त्याची वाफ थंड करून घेतली की तांबूस रंगाचं एक द्रव्य मिळतं. त्याच्या एकेका रेणूला एका टोकाला कडं आणि पुढे लांब शेपूट असतं. त्या शेपटीत मधे मधे हायड्रोजनला बसायला जागा रिकाम्या असतात. त्या जागा भरल्या की द्रव्य गोठतं आणि मेणासारखं पांढरं होतं. त्या मेणापासून रंग, धुण्याची द्रव्यं, प्लास्टिक मऊ ठेवणारे पदार्थ असं बरंच काही करता येतं. आज हे सगळं खनिज तेलातून येतं, उद्या काजूच्या टरफलातून येऊ शकेल. अट एकच: शेपूट भरायचं, पण कड्याला हात लावायचा नाही.

हायड्रोजन आपल्या पायाने त्या जागांवर जाऊन बसत नाही. त्याला नेऊन बसवायला धातू लागतो. पॅलेडियम ते काम झोकात करतं, पण ते पडलं सोन्याच्या पंक्तीतलं. निकेल स्वस्त, पण हावरं. शेपूट संपवलं की ताटावरून उठायचं नावच घेत नाही, कड्यावरही ताव मारतं. तांबं त्याच्या उलट, बोलावलं तरी जेवायला न येणारं. समीक्षाने संगणकावर आणि भट्टीत पुष्कळ खटपट करून निकेलात थोडंसं तांबं असं बसवलं होतं की निकेल शेपटीपुरतं जेवून वेळेवर उठावं. हे मिश्रण धरून ठेवायला तिने वापरला होता नारळाच्या करवंटीचा कोळसा. करवंट्या अर्थातच मथुरामामीच्या स्वयंपाकघरातल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राजक्ता मॅडम बाटलीवरची चिठ्ठी वाचून म्हणाल्या होत्या, "करवंटी आजोळची. आता तेलही तिथलंच आण. म्हणजे उत्प्रेरक म्हणण्याऐवजी याला आहेरच म्हणता येईल."

बाजारातून आणलेल्या तेलावर मिश्रण छान चाललं होतं. संध्याकाळी भांडं थंड व्हायला ठेवलं की तळाशी पांढरं मेण धरायचं, आणि समीक्षा जाता-येता उगाच त्यात डोकावून बघायची. तेव्हा मॅडमची सूचना तिने मनावर घेतली आणि मामाला फोन केला. साधंच तेल पाठवा म्हणाली, जसं निघतं तसंच.

पण साधं काही पाठवणं गुरुदास केरकरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्याकडची लोखंडी पिंपं गंजलेली. तसलं पिंप पुण्यात शास्त्रज्ञांच्या दारात उतरलं असतं तर आरोंद्याची काय शोभा राहिली असती? म्हणून मामाने एक सुरेख निळा ड्रम मिळवला, साबण लावून काथ्याने स्वतः घासला, त्यात तेल भरलं, झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं आणि ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत चढवून दिला. टेम्पोवाल्याला बजावलं, आडवो करू नको, नवरी नेतंस असा समज.

नवरी आली आणि निकेल रुसलं.

पहिल्या दिवशी समीक्षाला वाटलं, भांड्याचं झाकण नीट बसलं नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, तापमान चुकलं असेल. मग तिने नवीन मिश्रण केलं, तेल पुन्हा वाफ करून थंड करून घेतलं, भांडं नवं घेतलं. हायड्रोजन खर्च होईल तसा उतरणारा दाबाचा काटा होता तिथेच राहिला. भांड्यात गेला तसाच तांबूस द्रव बाहेर आला. मिश्रण बाहेर काढून बाजारच्या तेलात टाकलं तर तिथेही ढिम्म. म्हणजे ते थकलेलं नव्हतं, मेलंच होतं.

तेल तपासायला दिलं. उत्तर आलं: गंधक.

गंधक म्हणजे निकेलाचा काळ. धातूच्या पृष्ठभागावर एकदा बसला की चिकटतोच, मग हायड्रोजनला पाय ठेवायला जागा नाही. पण काजूच्या टरफलात एवढा गंधक असतोच कुठे?

"तुझे मामा तेलाला फोडणी वगैरे देतात का?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो मॅडम."

"मग कुठून तरी आलाय तो. शोध. तिथल्या तेलातच मुळात असला, तर आपल्याला आजोळ सोडून दुसरीकडचं तेल घ्यावं लागेल." समीक्षाचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "रजा घे आणि जा. येताना आमसुलं आण."

असं करून ती मे महिन्याच्या उकाड्यात, तांब्याच्या पातळ पट्ट्या आणि काचेच्या नळ्या पिशवीत घालून आरोंद्याला निघाली. काम सोपं होतं. घासून लखलखीत केलेली पट्टी गरम तेलात काही तास ठेवायची. तेलात तसला गंधक असला तर पट्टी काळी पडते. अवघड होतं ते मामाला सांगणं. मामा, तुमचं तेल खराब निघालं, हे वाक्य तिने सावंतवाडीपर्यंत निरनिराळ्या तऱ्हेने जुळवून पाहिलं आणि प्रत्येक वेळी मोडून टाकलं.

तिठ्यावर उतरली आणि उरलंसुरलं धैर्यही गेलं. समोर फ्लेक्स लागला होता. 'आरोंद्याची सुकन्या समीक्षा हिचा भव्य सत्कार. रविवारी सायंकाळी, वाचनालय सभागृह.' खाली आणखी मोठ्या अक्षरांत होतं: 'गुरुदास केरकर यांचे काजू तेल पुण्याच्या प्रयोगशाळेत.' तिचा फोटो दहावीतला होता आणि मामाचा परवाचा. मामाचा फोटो मोठा होता.

"माझो फोटो मोठो नाय," घरी पोचल्यावर मामाने खुलासा केला. "तुझो बारीक आसा. पयलीपासून तू बारीकच. मथुरा, हेका आंबोळयो घाल आधी."

मामीने आंबोळ्या वाढल्या, चटणी वाढली. ती जेवत असताना तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाली, "नुसती रजा घेवन इलंस?"

"होय गो मामी."

"बरा."

मामीचं 'बरा' फार खोल असायचं. समीक्षाने मान खाली घालून आणखी एक आंबोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सत्काराच्या खुर्च्या सांगायला बाहेर पडला तशी ती कारखान्यात गेली. घाणीच्या तोंडातून पडणारं तेल तिने एका नळीत घेतलं. गाळ खाली बसायला ठेवलेल्या टाकीतून दुसऱ्या नळीत. गंजलेल्या लोखंडी पिंपातून तिसऱ्या. कोपऱ्यात पहिल्यासारखाच एक निळा ड्रम भरून, कुंकू लावून तयार होता. पुण्याला जाणारी ही धाकटी नवरी. तिच्यातूनही एक नळी घेतली. चारही नळ्यांत तांब्याच्या पट्ट्या सोडल्या आणि मागच्या परसात, माडाच्या सावलीत चूल पेटवून त्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. मामीने पातेलं काढून देताना कशाला ते विचारलं नाही. फक्त सांगितलं, "ह्या पातेला आता माझ्याकडे परत येवचा नाय. पुण्याकच घेवन जा."

पाणी घालत, जाळ सारत समीक्षा चुलीपाशी बसून राहिली. मनातून तिला वाटत होतं की चारही पट्ट्या लखलखीत निघाव्यात. मग पुण्यातल्या तपासणीतच काही चुकलं असं म्हणता येईल. चारही काळ्या निघाल्या असत्या तर... त्याचा तिने पुढे विचार केला नाही.

"पेज शिजता काय?"

मामा पाठीमागे उभा होता. किती वेळ, ते त्यालाच ठाऊक.

"नाय मामा. जरा तसाच."

"तसाच कसा? चार नळयो उकळतंस, तेका पेज म्हणणत नाय. आणि सत्कार आसलेला चेडू असा तोंड करून चुलीम्होरे बसणा नाय." त्याने एक दगड ओढला आणि तिच्या शेजारी बसला. "काय झाला ता सांग. माझा तेल परीक्षेत पडला मां?"

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. "पडला," ती म्हणाली.

चुलीतलं एक लाकूड मामाने विनाकारण बाहेर ओढलं आणि पुन्हा आत सारलं. शेवटी त्यानेच म्हटलं, "मगे काढ त्यो पट्टयो. बघूया."

एकेक पट्टी काढून तिने रॉकेलच्या फडक्याने पुसली. घाणीची पट्टी: लाल, चकचकीत. टाकीची: तशीच. गंजक्या पिंपाची: तशीच. निळ्या ड्रममधली पट्टी पुसल्यावरही काळी होती, तव्याच्या बुडासारखी.

समीक्षाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेल चांगलं होतं. दोष ड्रमचा.

"मामा, हो निळो ड्रम खंयसून हाडल्यात?"

"परशुरामाकडसून. लोखंडी पिंप पाठवूक बरा दिसणा नाय म्हणान. तेच्याकडे दोन होते, अगदी नव्यासारखे. आंब्याच्या बागेत..." मामा मध्येच थांबला.

परशुरामची आंब्याची बाग सगळ्यांना माहीत होती. मोहरावर भुरीचा रोग पडू नये म्हणून तिथे दर मोसमात गंधकाची भुकटी पाण्यात कालवून फवारत. आणि ती कालवायची कशात, हे आता विचारायची गरज नव्हती.

"पण मी धुतलंय," मामा म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "साबण लावन धुतलंय. हात दुखले माझे."

"गंधक पाण्यात इरघळणा नाय, मामा. कडेक, झाकणाच्या आट्यांत रवता. तेल भरला की तेलात इरघळता."

"म्हणजे गंजलेला पिंप पाठवलेला आसता तर चलला आसता."

"चलला आसता."

"आणि मी शोभा करूक गेलंय." तो उठला. "जेवक बसा तुमी. माका भूक नाय."

तो खाडीच्या दिशेने निघून गेला. दुपारची जेवणं झाली तरी परतला नाही. मामीने त्याचं ताट झाकून ठेवलं. "येतलो," ती म्हणाली. "आजपर्यंत सगळ्यांची खोड काढल्यान. आता स्वतःचीच काढूची पाळी इली, तर जरा येळ लागतलो."

ऊन कलल्यावर समीक्षा त्याला शोधत गेली. खाडीवर पूल झाल्यापासून जुना धक्का ओसच असतो. मामा तिथे पायरीवर बसला होता, समोर पाण्याकडे बघत. ती शेजारी बसली.

"सत्कार रद्द करूया काय?" तिने विचारलं.

"खुर्चयो सांगितलंय." जरा वेळाने म्हणाला, "पण माका एक समजणा नाय. इतको जरासो गंधक. चिमूटभर पण नाय. आणि तुझो धातू मेलो? एवढो नाजूक धातू कित्याक केलंस?"

समीक्षाने धक्क्याकडे पाहिलं. लहानपणी याच पायरीवरून ती मामाचं बोट धरून होडीत चढली होती.

"मामा, हयसून पलीकडे होडी जाय, ती आठवता?"

"आठवता म्हणजे?"

"होडयेत माणसा बसत, पलीकडे उतरत. होडी रिकामी होय, परत दुसऱ्यांक घेय. माझो धातू म्हणजे ती होडी. हायड्रोजन बसता, तेल बसता, थंय दोघांची गाठ पडता आणि उतरान जातत. म्हणान जराशा धातून ड्रमभर तेल होता. पण एखादो असो बसलो की उतरणाच नाय, तर?"

मामाने विचार केला. "तर ती जागा गेली."

"असले धा-पंधरा बसले तर?"

"होडी भरली. मगे धक्क्यावर कितीव माणसा उभी रवली तरी..." त्याने मान हलवली. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलायला लागला. तो तिला ओळखीचा होता. कुणाची तरी खोड काढायचं सुचलं की मामाच्या मिशीचं एक टोक आधी हलायचं.

"काय?" तिने विचारलं.

"काय नाय. चल, भूक लागली."

रविवारी सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं. समीक्षाने चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. तिने रेणू, कडं, शेपूट हे सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. लोकांनी आदराने ऐकलं. आदराने म्हणजे कुणालाही काही कळलं नाही. मग गुरुदास केरकर उठले. ते आभार मानतील अशी कार्यक्रमपत्रिकेत नोंद होती.

"आभार मागसून मानतंय," ते म्हणाले. "आधी माझ्या भाचयेन जा सांगितल्यान ता मी परत सांगतंय. कारण तिना पुण्याच्या भाषेत सांगितल्यान."

त्यांनी होडीची गोष्ट सांगितली. धक्का, पायऱ्या, भरतीची वेळ, सगळं. माणसं पुढे सरकून बसली. "आता समजा," मामा म्हणाला, "त्या होडयेत आमचो बाळा बसलो."

मागच्या बाकावरच्या बाळाकडे सगळ्यांच्या माना वळल्या. बाळा सभ्य माणूस होता, पण संध्याकाळी जरा घेतली की जिथे बसेल तिथून त्याला उठवणं साऱ्या गावाला अवघड जाई.

"बसलो तो बसलो. होडी पलीकडे पोचली, बाळा उतरणा नाय. परत हयसर इली, बाळा उतरणा नाय. असले बाळे होडयेत भरले तर बाकीच्यांनी जावचा कसा? तो बाळा म्हणजे गंधक. एवढोसो. पण धातूक बसलो की उठणा नाय."

हशा ओसरल्यावर मामा जरा थांबला. समीक्षा पुढच्या खुर्चीत ताठ झाली. तो हे इथे सांगणार आहे असं तिला म्हणाला नव्हता.

"तर मंडळी, तकडे फ्लेक्सार लिवलला आसा की माझा तेल पुण्याक गेला. गेला खरा. पण थंय जावन पडला. भाचयेची होडी बुडवल्यान. कारण त्या बाळाक हाताक धरून, कुंकू लावन, होडयेत बसवलो मी. परशुरामाच्या ड्रमात तेल घातलंय, बरा दिसता म्हणान. तेल बरा आसा. अक्कल कमी पडली. आता आभार मानतंय."

मागून बाळाचा आवाज आला, अगदी गंभीर. "गुरुदास, माका एकच सांग. मी तुझ्या तेलात कधी बसलंय?"

त्यानंतर आभार काही कुणाला ऐकू आले नाहीत. परशुराम सर्वांत जास्त हसत होता, कारण त्याच्या ड्रमचं नाव पहिल्यांदाच सभागृहात निघालं होतं. बाहेर पडताना एक म्हातारा समीक्षाजवळ आला आणि म्हणाला, "आता कळला गो तू काय करतंस ता. होडी बांधतंस." तिला हे नाकारावंसं वाटलं नाही.

परतताना तिने गंजलेल्या पिंपातलं तेल डब्यात भरून घेतलं. कोपऱ्यातला दुसरा निळा ड्रमही टेम्पोने पुण्याला मागवला. मामाने विचारलं, तो कित्याक? तिला अजून नीट सांगता येत नव्हतं. परसात त्या काळ्या पट्टीकडे बघताना तिच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. तांब्याने गंधक पकडला होता. घट्ट पकडला होता. मग निकेलाच्या आधीच वाटेत तांबं उभं केलं तर?

पुण्यात डब्यातलं तेल पहिल्याच दिवशी गोठलं. पांढरं, कडेला किंचित पिवळसर. मॅडमनी आमसुलाची पिशवी आणि भांडं दोन्ही पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, आजोळ पास झालं."

"मॅडम, अजून एक करून बघू?" समीक्षाने निळ्या ड्रमकडे बोट दाखवलं. "प्रत्येक कारखान्यात स्वच्छ पिंप असेलच असं नाही. लोक हाताला लागेल त्यात तेल भरणार. आपलं मिश्रण फक्त सोवळ्यातल्या तेलावर चालत असेल तर त्याचा गावाला काय उपयोग?"

तिने एका नळीत बारीक तांब्याचा चुरा भरला. निळ्या ड्रममधलं तेल नेहमीसारखं वाफ करून थंड केलं आणि आधी गरम नळीतून, मग निकेलकडे नेलं. पहिल्या खेपेला चुरा फार जाड पडला आणि निकेल पुन्हा रुसलं. मग तिने चुरा आणखी बारीक केला आणि तेल हळू सोडलं. या वेळी हायड्रोजनचा काटा हलला. बाजारच्या तेलाइतका भरभर नाही, कुरकुरत, पण उतरत राहिला. नळीतलं तांबं तोंडाकडून काळं होत होत निम्म्यापर्यंत आलं आणि भांड्यात मेण धरलं.

तिने मामाला फोन लावला.

"म्हणजे," सगळं ऐकून घेतल्यावर मामा म्हणाला, "माझो ड्रम बरोच होतो."

"ड्रम बरो नव्हतो, मामा. तांब्यान सांभाळून घेतल्यान."

"ताच म्हणतंय मी. घरात सांभाळून घेणारा कोण आसला की सगळा चलता. तुझ्या मामयेक इचार." पलीकडून मामी काहीतरी बोलली, ते समीक्षाला ऐकू आलं नाही. मामाचा आवाज जरा पडला. "ती म्हणता, आधी तिका नवा पातेला दी."

महिन्याभराने मामा स्वतः पुण्याला आला. इस्त्रीचा शर्ट, नव्या चपला. प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकताच त्याची मालवणी गळून पडली आणि तो कचेरीतल्या मराठीत बोलू लागला. "मॅडम, आपली भेट झाली, फार आनंद वाटला. आमची मुलगी काम व्यवस्थित करते ना?"

"काम व्यवस्थित करते," मॅडम म्हणाल्या. "पण ऐकत नाही. सांगितलं एक की करते भलतंच. ही सवय कुठून आली कोण जाणे."

"आईकडून असावी," मामा म्हणाला. आई म्हणजे त्याचीच बहीण, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

समीक्षाने त्याला काचेची तबकडी दाखवली. पांढरं मेण, पापुद्र्यांसारखं. मामाने चष्मा लावला. बोट पुढे केलं, तसं तिने त्याचं मनगट धरलं. "लावू नका. तिखटपणा कमी झाला असला तरी आहे थोडा."

त्याने हात मागे घेतला. त्या हाताच्या बोटांवर घाणीच्या तेलाचे जुने काळे डाग होते. कितीही घासले तरी न जाणारे. तो तबकडीकडे बघत राहिला.

"ह्या आमच्याच टरफलातला?" शेवटी त्याने विचारलं. कचेरीतली मराठी कुठे गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तुमच्याच."

"काळा होता तेव्हा वळख पटत होती," मामा म्हणाला. चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "बरा दिसता पण. खूप बरा दिसता."

मग प्राजक्ता मॅडमनी त्यांना उपाहारगृहात चहाला नेलं. तिथे मामाने चहात साखर जास्त आणि आलं कमी असल्याचं आचाऱ्याला अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, आणि मॅडमना आरोंद्याला यायचं निमंत्रण दिलं.